दांडे मांडणारा

मी घोड्यावर बसत नाही. एकदाच बसलो होतो,
सातव्या वर्षी, आणि एल्बच्या बंधाऱ्यावरून
थेट मेंढरांच्या लेंड्यांत उतरलो.
पुढे एकेचाळीस वर्षं फेरीबोट चालवली.
आता बहिणीच्या तबेल्यात दांडे उचलतो.

नोव्हेंबर. पहाटेची वाळू कडक,
आणि धुकं असं की पलीकडची पवनचक्की
नुसत्या आवाजापुरती उरलेली.
माझी चार पावलं म्हणजे क्वेंडेलची एक ढांग.
दोन पावलं तिला उतरायला, दोन उसळायला,
मध्ये हव्या तितक्या चार-चार.
तरी वीब्के कुंपणापासून रोज ओरडते:
"हिन्नर्क, तुझं डावं पाऊल लबाड आहे!"

घोडी नऊ वर्षांची. तपकिरी.
कपाळावर पीठ सांडल्यासारखा डाग.
उन्हाळ्यात, पाण्याच्या अडथळ्यावर,
ओंडक्याला गुडघे लावून कोसळली,
टॉमके तिच्या पुढे, चिखलात, तोंडावर.
तेव्हापासून अडथळा दिसला की धावतच सुटते.
लोक म्हणाले, काय धीट जनावर!
धीट कसली.
वाईट बातमीचं पाकीट माणूस
घाईघाईने फाडतो ना, तशी ती उडी मारायची.

वीब्केने पहिले दोन आठवडे उडीच काढून घेतली.
चार दांडे जमिनीवर, दुडक्या चालीने, बास.
टॉमके एकोणीस वर्षांची. तिला याचा अपमान वाटला.
मग टाचेएवढी एक फुली,
आणि फुलीपलीकडे, सरळ रेषेत, थांबणं.
"उडी तिला येते," वीब्के म्हणाली,
"उडीनंतरचं शिकव."
थांब. श्वास सोड. मान मोकळी कर.
घोडी घाई करू लागली की ओढायचं नाही,
वळवायचं. एक गोल, दुसरा गोल,
सातव्या गोलाला तिलाच कंटाळा आला
आणि कंटाळलेली घोडी अगदी शहाण्यासारखी
फुलीवरून चालत्यागत गेली.

हे मला कळत होतं.
धक्क्याला बोट लावताना धक्का बसू नये म्हणून
इंजिन कुठे मंद करतात?
धक्क्यापाशी नाही. खूप आधी,
प्रवासी अजून कॉफी पीत असतात तिथे.

मग रांग मांडली: उडी, लगेच उडी,
एक ढांग, आणि शेवटी रुंद, दोन दांड्यांची.
टॉमकेने लगामाला गाठ मारली,
हात दोन्ही बाजूंना पसरले,
दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे.
आत गेल्या. टप्. टप्.
आणि मधल्या जागेत
क्वेंडेलने कान पुढे केले, पाठ गोळा केली,
एक ढांग आखूड घेतली, अगदी नेमकी,
आणि वर गेली. वर. 
मला तिचे गुडघे दिसले, हनुवटीशी जोडलेले,
जिथे जुना व्रण आहे तिथे केस पांढरे उगवलेत.

टाळ्या नाहीत. वीब्के टेप घेऊन आत आली.
मोजलं. पुन्हा मोजलं.
अंतर दीड फूट कमी.
माझी कंबर त्या आठवड्यात दुखत होती,
चार पावलं चार उरली नव्हती.
मी दांडा सरकवायला वाकलो,
माफी कशी मागावी याचा विचार करत.

"राहू दे," ती म्हणाली.
"तिथे रानात टेप घेऊन
कोण उभं असणार आहे तिच्यासाठी?"

टॉमके घोडीच्या मानेवर पालथी पडून हसत होती,
की रडत, धुक्यात ठरवता आलं नाही.
मी दांडा तसाच ठेवला.
दुसऱ्या दिवशी वीब्केने सांगितलं,
आज जरा लांब चाल.
किती, ते सांगितलं नाही.